‘आमची कोळीण’

कुरखेड्याजवळच्या गावतलावात ताराबाई पंचवीस वर्षं मासोळी धरत आली होती. एक दिवस सुनेनं, जयानं, मोबाइल पुढं केला. नागपूरच्या एका हॉटेलाच्या जाहिरातीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जाळं फेकणारी ताराबाई होती. खाली लिहिलं होतं, ‘आमची कोळीण’. ताराबाई ढिवराची लेक, कोळ्यांची नव्हे; ढिवर ही तिकडची मासेमारी करणारी जात. पण कोळीण म्हटल्यापेक्षा तिला ‘आमची’ जास्त झोंबलं.

फोटो काढला होता भद्रावतीच्या नाहीदनं. तिचा तिथं लहानसा स्टुडिओ. मागल्या हिवाळ्यात ती तीन दिवस गावात राहून, सगळ्यांना विचारून फोटो काढून गेली होती. हिनंच विकला असणार, असं ताराबाईच्या मनात आलं आणि तिनं फोन लावून तसं सरळ विचारलंही. नाहीदनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दोन बसा बदलून ती थेट अंगणात हजर झाली.

तिनं लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला. त्यात कोपऱ्यात नाहीदचं नाव होतं आणि ताराबाईच्या बाजूला तिच्यासोबत मासोळी धरणारी धुरपता जाळं सावरत होती. हॉटेलवाल्यांनी नाहीदच्या इंटरनेटवरच्या पानावरून फोटो उचलला होता. नावही कापलं होतं आणि धुरपतालाही. नाहीदनं समजावून सांगितलं, की फोटोवर काढणाऱ्याचा हक्क असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण चेहरा ताराबाईचा, तेव्हा जाहिरातीसाठी तिलाही विचारायला हवं होतं. ताराबाई ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “तुह्यावर मी उगाच शक केला, बाई.”

दोघींनी मिळून पत्र लिहिलं, मूळ फोटो जोडला, खाली दोघींच्या सह्या. तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. फोटो इंटरनेटवर सगळ्यांनाच दिसत होता म्हणून घेतला, असं त्याचं म्हणणं. नाहीद कायदा सांगायला लागली, तर ताराबाईनं फोन मागून घेतला.

“आमचा तलाव रस्त्यावरून साऱ्यायले दिसते, भाऊ,” ती म्हणाली. “म्हणून कोणीबी येऊन मासोळी धरते का? आमच्या मच्छीमार सोसायटीले पुसा लागते.”

मग त्यानं विचारलं, नाव टाकलं तर फोटो ठेवता येईल का.

“नाई. मी तुमच्या हॉटेलाची नाई.”

आठवडाभरात जाहिरात उतरली आणि त्याच जागी माफीनामा आला, दोघींची नावं घेऊन. जयानं तो तीनदा वाचून दाखवला. ताराबाई ताठ बसून ऐकत होती; शेजारणी आल्या तेव्हा तिनं चौथ्यांदा वाचायला लावला.

पुढल्या महिन्यात सोसायटीचे अध्यक्ष भैयाजी घरी आले. बाजारातल्या नव्या फलकावर त्यांना हाच फोटो हवा होता, अख्खा, सगळ्यांच्या नावांसकट. नाहीदला विचारून झालं होतं. आता ताराबाईचा होकार हवा, म्हणून कागद लिहूनच आणला होता. ताराबाईनं हात पुसले, ओसरीवर बसून सही केली आणि धुरपतालाही सहीसाठी बोलावून आणायला जयाला पाठवलं.