सोन्याचे शोधकर्ते टिपणीस

सत्याऐंशी साली, पंजाब धुमसत असताना, चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये भूशास्त्रज्ञ श्यामकांत टिपणिसांनी मराठी मंडळींपुढे व्याख्यान ठोकलं. कर्नाटकातल्या हिरव्या खडकांतलं सोनं म्हणे त्यांनीच प्रथम शोधलं! विद्यापीठात भूशास्त्र शिकवणाऱ्या सरोजला हसू आवरेना. पूर्वी त्यांच्या हाताखाली असताना ते सोनं असलेल्या टेकडीचा नकाशा तिनेच काढला होता. तिथे सोनं धरणाऱ्या गारगोटीच्या शिरेवर प्राचीन लोकांनी खणलेले खड्डे होते आणि शेजारी इंग्रज कंपनीचा बुजलेला बोगदा. हे महाशय बोगद्याच्या तोंडाशी बसून डबा खाऊन आले, एवढाच काय तो त्यांचा शोध.

परतताना त्यांनी तिला गाडीत घेतलं आणि पंचकुल्याच्या वाटेवर पुन्हा तेच पुराण लावलं. तपासणी नाक्यावर जवानाने त्यांच्या पिशवीतला, व्याख्यानात सोन्याचा म्हणून मिरवलेला जड खडक उचलून दरडावलं, "यह क्या है?"

टिपणीस घाईघाईने म्हणाले, "कुछ नहीं जी, मामूली पत्थर!"

गाडी सुटली. सरोज म्हणाली, "सर, खरं बोलायला लागलाच आहात, तर ते जुने खड्डे कोणाचे, तेही सांगून टाका."

"आधीच्या लोकांचे," ते पुटपुटले.

"मग पुढच्या व्याख्यानात हेच सांगा. नाहीतर मी उठून सांगेन."

पुढचं व्याख्यान त्यांनी दिलंच नाही.