हिरव्या माशीचा माग

डोळे मिटा पाहू. तुम्ही बाळकुमच्या एका इमारतीच्या गच्चीवर आहात. ऊन चढलंय, दोरीवर बोंबील वाळताहेत आणि दहा वर्षांची लॉरा पालथ्या ग्लासात अडकवलेल्या माशीकडे टक लावून बघतेय.

बोंबील तिच्या थेल्मा आजीचे. खाली सातव्या मजल्यावर राहणारे सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिककाका सकाळीच बजावून गेलेले, "थेल्माबाई, आमच्याकडे माश्यांनी उच्छाद मांडलाय. वास तर विचारू नका! संध्याकाळपर्यंत ही दोरी उतरवा. कायमची."

तेव्हापासून आजीचा चहा तसाच पडून होता.

"आजी, काकांच्या दारात पकडलेली ही माशी घरातली नाही गं," लॉरा म्हणाली. "ती राखाडी असते, पाठीवर काळ्या रेघा. ही बघ, हिरवीगार! पत्र्यासारखी चमकते."

"ती होय! ती ओल्या मासळीवर येते. चार दिवस वाळलेल्या बोंबलाला ती विचारतसुद्धा नाही."

"बघूया?"

लॉराने एका ताटलीत ओल्या कोळंबीची डोकी ठेवली, दुसरीत सुका बोंबील. थोड्याच वेळात कोळंबीवर पाच हिरव्या माश्या. बोंबलावर एकही नाही.

मग काकांकडे या येतात कुठून? ग्लासाखाली पुठ्ठा सरकवून ती माशीसकट खाली गेली.

"काय गं, उतरवली दोरी?" काकांनी दारातच विचारलं.

"काका, माश्या कुठल्या खिडकीवर जास्त असतात?"

"बाथरूमच्या. का?"

त्या खिडकीखाली तपकिरी, लांबट दाणे पडले होते.

"उंदराच्या लेंड्या," काका म्हणाले. "रोज झाडतो, रोज पडतात."

लॉराने एक दाणा तळहातावर घेतला. हलका, पोकळ, एका टोकाचं झाकण उडालेलं. "काका, लेंडीला झाकण असतं? हा कोश आहे, यातून माशी बाहेर पडलीय!"

दाण्यांची रांग खिडकीच्या फटीपर्यंत जात होती. काकांनी वाकून बाहेर पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी कबुतरं येऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतः जाळी बांधली होती. त्याच जाळीत एक कबूतर अडकून मेलं होतं.

"अरे देवा. म्हणजे तो वास..." काका ओशाळले. "आजीला सांग, दोरी राहू दे. नाही, थांब, मीच येतो सांगायला."

पण लॉरा जमिनीवर बसून दाणे निवडत होती. ग्लासातली माशी खिडकीबाहेर सोडून तिने न उघडलेले दोन दाणे आत टाकले, काकांचाच रुमाल मागून ग्लासाच्या तोंडावर बांधला आणि गच्चीत येऊन, बोंबलांच्या सावलीत, माशी बाहेर पडायची वाट बघत ग्लाससमोर मांडी ठोकून बसली.