इशारा पातळीच्या खाली

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी क्रांती मगदूमने आपली वल्ह्याची अरुंद होडी, कयाक, पंचगंगेच्या काठावर उतरवली आणि बंधाऱ्याखालचं पाणी बघून ती जागीच थांबली. वरून पडणारं पाणी खाली उलटं फिरत होतं. त्यात सापडलेला ओंडका बुडत होता, वर येत होता आणि पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढला जात होता.

हिमालयातल्या नद्यांत चार वर्षं कयाक चालवलेल्या क्रांतीला याचा अर्थ कळत होता. खळाळाच्या सहा श्रेणी असतात. सहावीत चुकलेला माणूस सहसा परत येत नाही. ही सहावी होती.

चौकात मात्र ‘बंधारा सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असा तिच्या नावाचा फलक कालच लागला होता.

“काका, आज नको,” ती या मोहिमेचे आयोजक असलेल्या चुलत्यांना म्हणाली.

आकारामकाकांनी बंधाऱ्यावरची पाण्याची मोजपट्टी दाखवली. “एकवीस फूट. पुराचा इशारा एकोणचाळीसला असतोय. अजून अठरा फूट भ्यायचं कारण न्हाय.”

“पुरात बंधारा बुडतो, पाणी सरळ जातं. कमी पाण्यातच ते माणूस धरून ठेवतं.”

“ऐकलंसा का पावणं? पाणी कमी, तर धोका जास्त!” काका गर्दीला म्हणाले आणि काठावरचे सगळे हसले.

क्रांतीने रिकामी कयाक बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला नेऊन पाण्यात ढकलली. बंधाऱ्यावरून पडताच ती ओंडक्याशेजारी गरगरू लागली.

“आत माणूस न्हाय, म्हणून अडकलीया,” काका म्हणाले.

दुसरी कयाक आणायला त्यांनी पाठवलेला टेम्पो साडेनऊला शहराबाहेर, उचगावच्या पुढं गेला होता.