भिंतीच्या नकाशावरची चौकट

दर उधाणाला इंजिनवालीच्या दुकानात घोटाभर पाणी शिरत होतं, आणि नियोजन कार्यालयात मात्र पन्नास वर्षांनी समुद्र किती चढेल यावर सहा वर्षं खल चालला होता. अखेर समुद्र अडवायच्या भिंतीचा नकाशा एकदाचा निघाला. होड्यांची इंजिनं दुरुस्त करून हात कायमचे काळे झालेली ही बाई हरकती नोंदवायच्या शेवटच्या दिवशी तो बघायला गेली.

भिंतीची लाल रेघ तिच्या गल्लीच्या अलीकडे थांबत होती आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होती. मध्ये सुबक पांढरी चौकट: लाल म्हणजे भिंत, हिरवं म्हणजे बाग, निळं म्हणजे पाणी.

"साहेब, आमची गल्ली कुठंय?"

"चौकटीखाली असेल."

"मग तिथली भिंत?"

"जे नकाशात दिसत नाही, त्याला मंजुरी कशी देणार बाई?"

इतकं शिकून माणूस इतका बिनडोक राहू शकतो याचं तिला नवल वाटलं. सहा वर्षं या शहाण्यांनी चहा ढोसला, पण चौकटीखाली डोकावायला एकालाही सवड झाली नव्हती.

"अहो, समुद्रावर सरकवा की ती! ढीगभर जागा आहे तिथं."

"छे! मंत्र्यांना समुद्र मोकळा लागतो."

ती हटून बसली. दोन तासांनी कंटाळून साहेबांनी संगणकावर चौकट उचलली आणि दुसरीकडे टाकली. गल्ली वर आली. लाल रेघ जुळली. दुकानाचा पत्रासुद्धा दिसला, तेव्हा तिला रडूच फुटायचं बाकी होतं. मग चौकट कुठं गेली ते तिनं पाहिलं. बर्फाच्या कारखान्यामागच्या वस्तीवर. तिथं तिची थोरली नणंद राहायची. मागच्या उधाणात हिचं सगळं सामान तिनंच आपल्या दीड खोलीत ठेवून घेतलं होतं.

"हरकत मागे घेतली म्हणून सही करा," साहेब म्हणाले. "नाहीतर चौकट होती तिथं ठेवतो."

तोंडाशी आलेल्या शिव्या तिनं गिळल्या आणि सही केली. जिना उतरताना तिला साहेबांपेक्षा स्वतःचीच जास्त चीड आली.

फोन वाजला. नणंदच होती.

"झालं का गं काम?"

"झालं, वन्सं. भिंत मिळाली."

"बरं झालं बाई! तुझी झाली म्हणजे आमचीही होणारच."

"होणारच," ती म्हणाली आणि घाईघाईनं फोन ठेवला.