आबांचा खोकला

संयोगिताने बोकडाच्या धमनीची कडी चिमट्याने उचलली आणि कोमट द्रावणात आकड्याला अडकवली. औषध घालून आधी ती आवळून घेतली, मग ब्रॅडिकायनिनचा थेंब सोडला. पडद्यावरची धमनीचा ताण दाखवणारी रेघ खाली घसरली. सांगलीच्या या प्रयोगशाळेत तिने हे शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी दर वेळी तिला बरं वाटायचं. हे इवलंसं पेप्टाइड. धमनीच्या आतल्या अस्तरावरचे ग्राही त्याला ओळखतात, अस्तर निरोप देतं आणि आवळलेली धमनी सैल पडते. तेच पेप्टाइड अंगात फार साठलं तर रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि सूज चढते, हेही तिला पाठ होतं.

फोन वाजला. कोरेगावजवळच्या गावाहून आई बोलत होती.

"अगं, तुज्या आबांचा व्हट लय सुजलाय. उसात गांधीलमाशी चावली असंल. लोखंड घासलं, पर उतरंना."

"चावताना दिसली का त्यांना?"

"न्हाई. जीबबी जड झालीय म्हणत्यात."

संयोगिताने चिमटा खाली ठेवला.

"आई, त्यांचा खोकला कसा आहे?"

"हाय की तसाच. उसाचं पाचट जाळत्यात, त्या धुरानं."

महिनाभर ती तो खोकला फोनवर ऐकत होती आणि वैतागत होती. ब्लडप्रेशरची नवी गोळी आपल्याला मानवत नाही, असं आबा, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार हंबीरराव, दोनदा म्हणाले होते. तिने बापाला उडवून लावलं होतं. एक दिवस जरी चुकवलीत तर बोलणार नाही तुमच्याशी, असा वर दम भरला होता. ती गोळी अंगातलं ब्रॅडिकायनिन मोडू देत नाही; ते साठलं की कोरडा खोकला लागतो आणि कधी ओठ-जीभही सुजते. रोज हाताळायची गोष्ट, आणि घरच्या माणसाच्या बाबतीत डोक्यातच आली नाही! तिला स्वतःची चीड आली.

"आबांना फोन दे."

"संयू..." तोंडात घास धरून बोलावं तसा आवाज येत होता. "काल गोळी इसरलो हुतो गं. म्हून आज दोन घिटल्या. तुजा हुकूम मोडला न्हाई."

म्हणजे आज दुप्पट औषध पोटात गेलं होतं.

"आबा, आता बोलू नका. आई, ती गोळी पुन्हा द्यायची नाही. शेजारच्या जोतीरामकाकांना गाडी काढायला सांग, आत्ताच्या आत्ता कोरेगावचा दवाखाना गाठा. गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना आधी दाखव. घसा सुजतोय म्हणावं. आणि फोन बंद करू नकोस."

धावपळ ऐकू आली, गाडीचं दार आपटलं. "आवं, डोळं उघडा," आई म्हणत होती. मग नुसती गाडीची घरघर.

पडद्यावरची रेघ तळाशीच होती. संयोगिताने तिकडे पाठ केली आणि फोन कानाशी दाबून धरला.

"आई? आबा कसे आहेत?"

तिने पुन्हा हाक मारली.

मग खोकला ऐकू आला. कोरडा, ओढून काढलेला, महिनाभर तिला नकोसा झालेला तोच. म्हणजे घशातून अजून हवा जात होती.

"खोकत राहा, आबा," ती रडत म्हणाली. "असंच खोकत राहा."