गाडी आहे, पाळणा नव्हे

चोर तुम्ही आहात, साहेब. गाडीखात्याच्या त्या गारेगार खोलीत बसून तुम्ही एका माणसाचं जे नेलंत, त्याचा आळ त्यानं स्वतःच्या बायकोवर घेतला, त्या पोरसवदा चष्मेवाल्यावर घेतला. तुमच्याकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही. तेव्हा आता बसा आणि ऐका. तुमचे कान शाबूत आहेत.

"काय खिदळत होतात मागं?" भोंग्यानं ताटावर बसता बसता बायकोला विचारलं.

"कधी?"

"पुलावरनं येताना. आरशात दिसत होतं मला. तोंडावर हात धरून हसत होतीस."

"असंच हो काहीतरी. आता आठवतंय का मला?"

"असंच म्हणजे काय? मला सांगण्यासारखं नव्हतं?"

"अहो, हळू. शेजारी ऐकतायत."

"मी कुठं ओरडतोय!" भोंगा ओरडला, आणि शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

भोंगा हे काही त्याचं बारशाचं नाव नव्हे. गाडीतळावरच्या टवाळांनी ठेवलेलं. तो 'चहा घेणार का' असं विचारायचा तेसुद्धा असं, की समोरच्याला वाटावं, कुठंतरी आग लागली. डोळे तपासायची व्हॅन तो चालवत होता. जुन्या धाटणीची गाडी. ड्रायव्हरची सीट उचलली की खाली थेट इंजिन. म्हणजे ते धूड त्याच्या बुडाखालीच ऐन जवानीपासून बोंबलत होतं. वरून रस्त्याचा खडखडाट, दारांची कडकड, मागच्या पेटीतल्या काचांचा किणकिणाट.

त्याची बायको त्याच गाडीवर मदतनीस. लोकांच्या डोळ्यांत थेंब घालायचे, त्यांना ओळीनं बसवायचं, म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवायचं. आजवर ती पुढं त्याच्या शेजारी बसत आलेली. त्या गोंगाटात बोलणं अशक्यच, म्हणून दोघांची खुणांची भाषा झाली होती. गुडघ्यावर एक थाप म्हणजे 'थांबा, भाजी घ्यायचीय'. दोन थापा म्हणजे 'जरा हळू, पाठ दुखतेय'. पाठीवर चिमटा म्हणजे 'तो बघा, तुमचा दोस्त चाललाय'. संसार अर्धा त्या गुडघ्यावर झाला म्हणा ना.

मग गाडीवर चष्म्याचे नंबर काढायला नवा चष्मेवाला आला. बारीक अंगाचा, बारीक आवाजाचा. आणि बायको मागच्या बाकावर जाऊन बसली.

"पुढं इंजिनाची धग लागते," ती म्हणाली.

इतकी वर्षं लागली नाही ती धग आत्ताच कशी लागायला लागली? कालचा पोर, कानामागून आला आणि तिखट झाला! भोंग्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त. चष्मेवाल्याचे ओठ हलायचे, बायको मान डोलवायची, मग तिचे ओठ हलायचे, मग दोघं हसायची. मूकपट. भोंग्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि पोटात मात्र इंजिनापेक्षा जास्त आग. त्यानं ठरवलं, ही गाडी गप्प करायची. मग बघू, काय एवढं गुळपीठ चाललंय ते.

तो आधी तुमच्याकडे आला, साहेब. पहिल्यांदा नव्हे. तरुणपणी आला होता, मधे दोनदा आला होता. तुम्ही किंवा तुमच्या आधीचे, खुर्ची तीच. "इंजिनावरचं झाकण फाटलंय, आतनं जाड लोकरीचा नमदा लावून द्या, डोकं भणभणतं," म्हणाला होता. तुम्ही हसलात. "गाडी आहे, पाळणा नव्हे. आवाज यायचाच." या खेपेलाही शब्द तेच. आणि त्याच आठवड्यात तुमची स्वतःची गाडी सीटवाल्याकडे उभी होती, कारण कुठल्याशा दाराच्या काचेतून टिकटिक यायची आणि रात्रीच्या दौऱ्यात तुमची झोपमोड व्हायची.

सीटवाला भोंग्याचा जुना दोस्त. त्यानं तुमच्या गाडीचे उरलेले तुकडे काढून ठेवले.

"घे. साहेबाची उष्टी मऊमऊ. पण तुला रे एकदम शांतता कशाला हवीय? ध्यानाला बसतोस का गाडीत?"

"तू लाव गप. प्रश्न नको."

"बायकोचं बोलणं ऐकायचंय वाटतं! लोक न ऐकण्यासाठी खर्च करतात, बाबा."

भोंगा हसला नाही. दोघं कामाला लागले. झाकणाच्या कडेचं रबर झिजून सुतळी झालं होतं, ते बदललं. झाकणाला आतून जाड नमदा चिकटवला. पायाखालचा पत्रा उघडा करून त्यावर डांबरी चादर दाबून बसवली, वर रबरी चटई. वायरी जातात त्या भोकांतूनच खरा आवाज आत येतो, ती बुजवली. दारांच्या पोकळीत फोम कोंबला. काचांच्या पेटीला खालून जुनी गोधडी.

दुसऱ्या दिवशी गाडीत चढलेली एक म्हातारी म्हणाली, "चालू झाली का हो? कळलंच नाही!" हे भोंग्याला चष्मेवाल्यानं पुढं येऊन, हातवारे करून सांगितलं. भोंग्याला पटेना. त्याच्या कानात अजून घूंऽऽ चालूच होतं. आणि आरशात तर त्याहून वाईट दिसत होतं. पूर्वी ती दोघं बोलताना मानेच्या शिरा ताणायची. आता ओठ जेमतेम हलत होते. म्हणजे गाडी गप्प झाली तशी यांनी आवाज उतरवला! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सुट्टीच्या दुपारी तो पुन्हा सीटवाल्याच्या दारात.

"अजून घूं येतंय. इंजिनावर आणखी एक थर चढव."

"अरे, आता थर चढवायला जागा कुठंय? इंजिनाला श्वास तरी घेऊ दे."

"मग येतंय कुठनं ते शोध!"

जेवायला का आले नाहीत म्हणून बायको शोधत तिथंच आली आणि दारात उभी राहिली. भोंगा सीट उचलून, झाकणाला कान लावून ओणवा झाला होता. सीटवाल्यानं त्याला खूण करून गाडी बंद करायला लावली. भोंग्यानं किल्ली फिरवली आणि पुन्हा कान टेकवला.

"हे बघ. घूंऽऽ. आत्ता पण येतंय ना? बंद केली तरी पंखा कुठलातरी फिरतोय आत. ऐक ना!"

सीटवाल्यानंही कान लावला. मग सरळ झाला. हातातली कात्री त्यानं उगाच पुसली.

"काही फिरत नाहीये, भोंग्या."

भोंग्यानं ओठ वाचले, समोरासमोर आताशा तो हेच करायचा. तो गाडीतून उतरला. दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. घूं त्याच्याबरोबर आलं. रस्ता ओलांडून झाडाखाली जाऊन उभा राहिला. तिथंही आलं.

बायको मागोमाग आली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "मला माहीत होतं!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. रात्री, उशाशी. हळू सांगितलं. ओरडून सांगायची गोष्ट आहे का ही?"

भोंग्यानं जे विचारायचं होतं तेच विचारलं, कारण आग विझली नव्हती. "आणि त्याच्याशी काय बोलतेस एवढं?"

"काऽही नाही हो!" तिचा घसा बसला. ती खोकली आणि पुन्हा ओरडली. "पाय दुखतात, पोरगी फोन करत नाही, असलंच! तुमच्याशी बोलायचं तर घसा फाडावा लागतो. त्याच्याशी नुसतं बोलावं लागतं!"

रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून बघायला लागले. त्यांना वाटलं, नवराबायकोचं भांडण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या दाराशी आली. भोंग्यानं मान हलवली आणि मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. चष्मेवाला आधीच बसला होता. भोंग्याला तो आदल्या दिवशीइतकाच डोळ्यांत खुपला. खुपलं ते त्याचं तोंड नव्हे, त्याचे कान नव्हेत, तर तो हळू, आतला आवाज, जो बायकोच्या आयुष्यात आला होता आणि भोंग्याच्या कधीच येणार नव्हता. ती बसल्यावर त्यानं हात वर करून आतला आरसा छताकडे वळवला. रस्ता बघायला बाहेरचे दोन होते.

गाडी निघाली. सगळे म्हणतात, काय शांत चालते.

साहेब, तुमच्या दाराची टिकटिक तुम्हाला दोन रात्री सोसली नाही. मग त्या बाईनं नवऱ्याला हळू आवाजात काही सांगायचं असेल तर आता कुठं जाऊन सांगायचं? उत्तर द्या. आणि मोठ्यानं द्या. त्याला ऐकू गेलं पाहिजे.