मंगळवारी, असं तिने सांगितलं

दोन ठिपके. अंगठ्याच्या बुडाशी, मोहरीएवढे... खपली कधीच पडून गेली होती, हात उजेडात तिरका धरला तरच दिसत, नाहीतर नाहीतच — आणि सकाळपासून ती तिसऱ्यांदा हात तिरका धरून बघत होती.

आज नववा दिवस. खोलीला खिडकी होती, ती उघडत नव्हती. दार होतं, त्याची कडी बाहेरून. एका भिंतीला जाड काच, काचेपलीकडे व्हरांडा, बोलायला इंटरकॉम. वटवाघूळ चावलं तर एकवीस दिवस एकांतात, आणि चावल्यानंतर ज्यांना स्पर्श झाला त्या सगळ्यांनाही, प्रत्येकाला वेगळ्या खोलीत — संस्थेचा हा नियम लिहिणाऱ्या समितीत ती स्वतः होती. ‘प्रत्येकाला वेगळ्या’ हे शब्द तिचेच. कुणीतरी कुरकुरलं, तेव्हा ती हटून बसली होती. विषाणू नाती बघत नाही, म्हणाली होती. काय ऐटीत म्हणाली होती!

चावलं ते सोमवारी. जुन्या बोगद्यात जाळी लावून वटवाघळं धरायची, तोंडात कापसाची काडी फिरवून नमुना घ्यायचा, सोडून द्यायचं — वीस वर्षं हेच. पुढची साथ दाराशी येण्याआधी तिची ओळख करून ठेवायची, असं ती व्याख्यानांत सांगायची. एक्केचाळिसावं वटवाघूळ तिच्या मुठीत होतं. उबदार, इवलंसं, त्याचं काळीज इतकं भरभर चाललेलं की ठोके वेगळे कळू नयेत... मग दुहेरी हातमोज्यातून एक बारीक टोचणी. रक्त जवळजवळ नाहीच. तिने हात साबणाने खसखसून धुतला आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

कारण धाकटी बहीण त्या दुपारीच बाळंत झाली होती. अकरा वर्षं दवाखान्यांचे उंबरठे झिजवून. सांगितलं असतं तर एकवीस दिवस बाळाचं तोंड दिसलं नसतं — एवढंच, एवढंच तर कारण. संध्याकाळी बहिणीने बाळ तिच्या हातात दिलं, “घे गं मावशी, घाबरतेस काय!” आणि बाळाने हाच अंगठा मुठीत धरला.

मंगळवारी पुन्हा बोगद्यात गेली, पण दिवसभर लक्ष अंगठ्याकडेच. शेवटी संध्याकाळी तिने सांगून टाकलं, चावलं. कधी? आज. कितवं वटवाघूळ? तिने त्या दिवसाचा एक आकडा ठोकून दिला. सोमवार म्हटलं असतं तर आई, बहीण, बाळ... एक दिवसाचं बाळ वेगळ्या खोलीत. तिच्याच शब्दांनी.

सकाळी बहिणीचा फोन आला होता. “तू कधी सुटतेस? आणि ऐक ना, हा कालपासून नीट पीत नाहीये. आई म्हणते, बाळं करतातच असं. करतात ना गं?”

“करतात,” ती म्हणाली होती. बहिणीने सुटकेचा श्वास सोडला, तो फोनमधूनही ऐकू आला.

काचेवर टकटक झाली. मोठे सर. याच माणसाने तिला पहिल्यांदा वटवाघूळ धरायला शिकवलं होतं. त्यांच्या हातात कागद होता आणि चेहरा उजळलेला.

“अगं, तुझं वटवाघूळ एकदम स्वच्छ निघालं! मंगळवारचे सगळेच नमुने स्वच्छ. सोमवारच्या एकात मात्र काहीतरी सापडलंय. एक्केचाळीस नंबर. आपल्या यादीत नसलेलं. पण ते नंतर बघू. तुला आता कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी सही करतो, घरी जा. भाच्याला भेट.”

“सर—”

“रडतेस काय वेडे, सुटलीस!”

सुटले... नऊ दिवस ती एकच हिशेब धरून बसली होती — अजून बारा काढायचे, ताप नाही आला की झालं, कुणाला कळायचं कारण नाही, हळूहळू आपण स्वतःही सोमवार विसरून जाऊ. त्या बारा दिवसांच्या आड ती किती निवांत लपली होती, हे तिला आत्ता कळलं. ते एका फटक्यात गेले. उद्या दार उघडणार, ती रिक्षात बसणार, बहिणीच्या घराची बेल वाजवणार... आणि अडवायला कुणी नाही. कडी नाही, काच नाही, नियमसुद्धा नाही.

तिने इंटरकॉमचं बटण दाबलं. सर कागद खाली करून वाट बघत राहिले. आता घाई करायला हवी, सोमवार या शब्दाने सुरुवात करावी की बाळाच्या नावाने — पण त्याला अजून नावच नव्हतं — एवढंच तिच्या मनात फिरत होतं. भीती तशीच होती, नऊ दिवसांची, फक्त इतके दिवस ती तिला मागे ओढत होती, आणि आता पाठीवर हात ठेवून पुढे रेटत होती.